पत्र्याखालची दुपार

एप्रिल लागला की सरकारी सूचना मोबाइलवर येऊन पडते: दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका, लहान मुलांना घरातच ठेवा. सूचना बरोबर आहे. फक्त ती लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे स्लॅबचं घर असावं. छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेला वाळूजची औद्योगिक वसाहत आहे आणि तिच्या आजूबाजूला, रांजणगाव शेणपुंजीसारख्या गावांत, कामगारांच्या खोल्यांच्या रांगाच्या रांगा आहेत. एकेरी विटेच्या भिंती, वर पत्रा, खिडकी असलीच तर समोरच्या खोलीच्या भिंतीकडे उघडणारी. त्याच खोलीत गॅसची शेगडी, तिथेच दप्तर आणि तिथेच पाळणा. मे महिन्यात दुपारी दोन वाजता अशा खोलीत बसण्यापेक्षा बाहेर लिंबाखाली बसलेलं बरं, हे तिथल्या कोणत्याही आईला ठाऊक असतं. ती मूल काखेला मारून बाहेर येऊन बसते, म्हणजे सरकारी सूचनेच्या नेमकं उलट करते, आणि बहुतेक वेळा तिचंच बरोबर असतं.

लहान मुलांना उन्हापासून सांभाळायचं म्हटलं की टोपी, गॉगल, छत्री आठवते. या शहरात मात्र प्रश्न डोक्यावरच्या टोपीपेक्षा डोक्यावरच्या छपराचा आणि घरातल्या पाण्याचा जास्त आहे.

आधी मुलाच्या अंगाचं गणित समजून घ्यायला हवं. वजनाच्या मानाने लहान मुलाच्या कातडीचा पसारा मोठ्या माणसापेक्षा बराच जास्त असतो. हवा अंगापेक्षा थंड असेल तर या पसाऱ्यातून उष्णता लवकर बाहेर जाते; पण हवा अंगापेक्षा गरम झाली की तोच पसारा बाहेरची उष्णता भराभर आत ओढतो. त्यात मुलांना घाम कमी येतो. किलोमागे हिशेब केला तर त्यांचं शरीर स्वतःही जास्त उष्णता तयार करतं. नवजात बाळाच्या वजनाचा जवळजवळ पाऊण हिस्सा पाणीच असतं, त्यामुळे दोन जुलाब आणि एक उलटी त्याला मोठ्या माणसापेक्षा कितीतरी लवकर कोरडं करतात. शिवाय तीन महिन्यांच्या बाळाला कूस बदलता येत नाही, दुपटं फेकता येत नाही, पाणी मागता येत नाही. त्याला रडता येतं. आणि उष्णता फार वाढली की ते रडणंही थांबतं. मग ‘किती शहाण्यासारखं झोपलंय’ म्हणत घरातले निर्धास्त होतात.

हवामान खात्याच्या व्याख्येत हे सगळं बसत नाही. मैदानी प्रदेशात ‘उष्णतेची लाट’ जाहीर व्हायला कमाल तापमान निदान ४० अंश असावं लागतं आणि शिवाय त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी चढलेलं असावं लागतं, नाहीतर थेट ४५ अंश गाठलेले असावे लागतात. संभाजीनगरची मे महिन्यातली सरासरीच चाळिशीच्या आसपास. म्हणजे चिकलठाण्याच्या वेधशाळेत पारा ४२-४३ वर गेला तरी कागदोपत्री लाट आलेलीच नसते. वेधशाळेचा तापमापक असतो सावलीत, हवेशीर पेटीत, जमिनीपासून चार फुटांवर. पत्र्याखाली झोपलेल्या बाळाचं तापमान तिथे मोजलं जात नाही. रात्रीचंही तेच. दिवसभर तापलेल्या भिंती रात्री एक-दोन वाजेपर्यंत उष्णता सोडत राहतात. ज्या मुलाला दिवसाही गारवा नाही आणि रात्रीही नाही, त्याच्या शरीराला सावरायला वेळच उरत नाही.

मराठवाड्याला हे शहाणपण नवं नाही. जुन्या गावांतली माळवदाची घरं आठवून पाहा: पांढऱ्या मातीच्या दीड-दोन हात जाडीच्या भिंती, लाकडी सरांवर मातीचा जाड थर, वर झरोका. बाहेर वैशाख वणवा पेटलेला असला तरी मधल्या खणात सतरंजी टाकून पोरं निवांत झोपायची. माळवद गळतं, त्याची दरवर्षी डागडुजी करावी लागते, पांढरी माती मिळत नाही, म्हणून लोकांनी पत्रा घातला. पत्रा स्वस्त, एका दिवसात बसतो आणि पावसाळ्यात गळत नाही. घरकुलाचे हप्ते अडकले की भिंती उभ्या राहतात आणि वर ‘तात्पुरता’ पत्रा पडतो. तो पुढे दहा-दहा वर्षं तसाच असतो. यात कुणाला दोष द्यावा असं काही नाही. पण पावसापासून वाचवणाऱ्या या छपराने उन्हाळ्यात घराची भट्टी केली, हेही खरंच.

उपाय फार महाग नाही. पत्र्यावर किंवा गच्चीवर चुन्याचा पांढरा हात मारला की बरंचसं ऊन परत फेकलं जातं आणि आतलं तापमान दोन ते पाच अंशांनी उतरू शकतं. चुना लवकर धुऊन जाऊ नये म्हणून लोक त्यात फेविकॉल घालतात. होळीनंतर एकदा हे काम केलं की तो उन्हाळा निघतो. अहमदाबादेत २०१७ पासून गरीब वस्त्यांची छपरं अशी पांढरी करण्याचा कार्यक्रम सुरू झाला. तेलंगणाने तर २०२३ मध्ये ‘कूल रूफ’ धोरणच जाहीर केलं. खेड्यात पत्र्यावर कडबा किंवा तुराट्या टाकतात, त्यानेही फरक पडतो. मात्र वरून विजेची तार गेलेली असेल तर हा उपाय जिवावर बेतू शकतो.

आणि मग कूलर. संभाजीनगरची एप्रिल-मेमधली हवा कोरडी असते, त्यामुळे पाण्यावर चालणारा कूलर इथे मुंबईपेक्षा कितीतरी चांगलं काम करतो. लोखंडी पत्र्याचे, गवताच्या ताट्या लावलेले कूलर मार्च सुरू झाला की शहरात रस्त्याच्या कडेला रचलेले दिसतात. अडचण एकच: कूलरला रोज पाणी लागतं, आणि या शहराच्या बऱ्याच भागांत नळाला पाणी येतं ते आठवड्यातून एकदा, कधी त्याहूनही उशिरा. पैठणचं जायकवाडी धरण १९७६ मध्ये लोकार्पण झालं, त्याचा नाथसागर जलाशय बऱ्याच वर्षी भरतो, धरण शहरापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर. पण पाणी शहरात आणणाऱ्या वाहिन्या जुन्या आणि अपुऱ्या. नव्या योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं, तेव्हा खर्च सांगितला गेला १,६८० कोटी. तो पुढे २,७४० कोटींवर गेला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने डोंगरातलं पाणी भुयारी नहरींतून गुरुत्वाकर्षणाच्या बळावर शहरात खेळवलं होतं, हे इथल्या प्रत्येक मार्गदर्शकाला पाठ असतं. पाणचक्की पाहायला आलेला पाहुणा ते ऐकून माना डोलावतो आणि हॉटेलवर जाताना बाटलीबंद पाणी घेतो.

पाण्याची ही टंचाई मुलांच्या अंगावर थेट येते. पिंपात आठ दिवस साठवलेलं पाणी, त्यातून होणारे जुलाब, जुलाबाने आटलेलं शरीर आणि वरून ४२ अंश. एप्रिल २०१६ च्या दुष्काळात शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या एका गावात हातपंपावरून घरी पाणी वाहून नेणारी साधारण बारा वर्षांची मुलगी भर उन्हात कोसळली आणि गेली. त्याच महिन्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. ‘मुलांना उन्हात पाठवू नका’ हे सांगायला सोपं आहे. टँकर दुपारी एक वाजता येत असेल तर हंडा घेऊन रांगेत उभं कोण राहणार, याचं उत्तर त्या घरातलं रिकामं माणूस असं असतं, आणि सुट्टीत घरातलं रिकामं माणूस म्हणजे मूल.

सगळ्यात नाजूक वय पहिल्या महिन्याचं, आणि इथे आपल्या काही रूढी उन्हाळ्याच्या साथीदार होतात. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी, ओवा-शेपाची धुरी, दारं-खिडक्या लावलेली खोली, आईचे कान बांधलेले आणि बाळ टोपडं-झबल्यात, वरून दुपट्यात गुंडाळलेलं. थंडीत, वाड्याच्या गार खोलीत यामागे काही तर्क होता. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत हाच शेक बाळाला महागात पडतो. ‘हातपाय गार लागतात की गं’ असं म्हणत आजी मोजे चढवते. पण नवजात बाळाचे हातपाय एरवीही जरा गारच असतात. अंदाज घ्यायचा तर बाळाच्या पोटाला, पाठीला हात लावून बघावं. पोट गरम, कातडी लालसर, बाळ सुस्त किंवा चिडचिडं झालं असेल तर आधी कपडे कमी करावेत. एक पातळ सुती झबलं उन्हाळ्यात पुरतं.

जन्मानंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, आईचं दूध अजून नीट उतरलेलं नसताना, कडक उन्हाळ्यात बाळाला ताप येतो. बालरोगतज्ज्ञांच्या ओळखीचा हा प्रकार पाणी कमी पडल्याचा असू शकतो, पण तो जंतुसंसर्गही असू शकतो. म्हणून नवजात बाळाचा ताप घरी अंगारे-धुपारे करत बघत बसायचा नसतो; घाटीच्या सरकारी रुग्णालयात असो की खासगी दवाखान्यात, त्याच दिवशी दाखवायचं.

या बाबतीतलं सगळ्यात बोलकं उदाहरण अहमदाबादेतलं आहे. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. नंतर संशोधकांनी महापालिकेच्या एका रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या नोंदी तपासल्या. कमाल तापमान ४२ अंशांच्या वर गेल्यावर पुढच्या प्रत्येक अंशाला उष्णतेमुळे अतिदक्षता विभागात येणारी बाळं ४३ टक्क्यांनी वाढत होती. त्या रुग्णालयाचा प्रसूती कक्ष होता सगळ्यात वरच्या मजल्यावर, तापलेल्या गच्चीखाली. तो खालच्या मजल्यावर हलवला गेला आणि अशी बाळं येण्याचं प्रमाण लक्षणीय घटलं. नवं यंत्र आणलं नाही, नवं औषधही नाही. खाटा जिने उतरून खाली आल्या. अहमदाबादने २०१३ मध्ये देशातला पहिला शहरी उष्णता कृती आराखडा केला, त्यामागे २०१० चाच धडा होता. महाराष्ट्रात नागपूरने २०१६ च्या सुमारास तीच वाट धरली. मराठवाड्यातल्या प्रत्येक प्रसूतिगृहाच्या चालकाने एकदा मे महिन्यात दुपारी तीन वाजता वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात अर्धा तास बसून पाहावं, एवढं सुचवायला कुठल्याही आराखड्याची गरज नाही.

शेतावर मजुरीला गेलेली आई बांधावरच्या झाडाला साडीची झोळी बांधते आणि ऊन लागू नये म्हणून वरून लुगडं टाकते. शहरातल्या आईची बाबागाडी असते, त्यावर ती मलमलचं फडकं टाकते. दोघींचा हेतू एकच, आणि दोघींच्या हातून नकळत तीच चूक होते. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी उन्हात उभ्या बाबागाड्यांमध्ये तापमापक ठेवून पाहिले. कोरडं पातळ कापड वरून टाकलं तर वारा अडतो आणि आतलं तापमान अडीच अंशांहून जास्त चढतं. तेच कापड ओलं करून टाकलं तर आतली हवा उलट थंड होते, आणि सोबत छोटा पंखा असेल तर जवळजवळ पाच अंशांनी. कोरड्या हवेच्या मराठवाड्यात ही युक्ती चांगली लागू पडावी. अट एवढीच की कापड वरचेवर ओलं करायचं आणि झोळीत वारा खेळायला एक बाजू उघडी ठेवायची.

पंख्याचंही तसंच. खोलीतली हवा अंगापेक्षा गरम झाली की नुसता पंखा गरम झळाच अंगावर मारतो. मुलाचं अंग साध्या पाण्याने पुसून मग पंख्याखाली बसवलं तर तोच पंखा खरा कामाला येतो.

पाजायचं काय? सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी लागत नाही. आईच्या दुधातच ते असतं. वाटी-चमच्याने पाणी पाजलं की बाळ दूध कमी पितं आणि पाण्यासोबत जंतूही जातात. बाळाला जास्त वेळा पाजायचं आणि पाणी प्यायचं ते आईने. सहा महिन्यांनंतर उकळून गार केलेलं पाणी, पेज, वर्षाच्या पुढे ताक, कैरीचं पन्हं, कलिंगड, सगळं चालतं. बाळ दिवसातून सहापेक्षा कमी वेळा शू करत असेल, शू गडद पिवळी होत असेल, तोंड कोरडं पडलं असेल, रडताना डोळ्यांत पाणी येत नसेल, टाळू खोल गेली असेल, तर शरीर आटत चाललं आहे. थोडं मोठं मूल शू करताना जळजळतं म्हणून रडतं, त्याला आपण उन्हाळी लागली म्हणतो. तीही याच आटण्याची खूण असते.

अशा वेळी ओआरएसचं पाकीट हुकमी. वीस-साडेवीस ग्रॅमचं पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात एकदाच मिसळायचं. अर्धं पाकीट पेल्यात अंदाजाने नाही. पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या रंगीत, गोड खोक्यांपासून मात्र सावध राहायला हवं. खऱ्या ओआरएसमध्ये लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. त्या पेयांमध्ये साखर त्याच्या कितीतरी पट असायची आणि क्षार नावापुरते. जुलाब झालेल्या मुलाला असं पेय दिलं तर जुलाब वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध कित्येक वर्षं लढा दिला. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ ही अक्षरं वापरायला मनाई केली.

मुलाचं अंग भाजल्यासारखं गरम, ताप ४० अंशांच्या वर (जुन्या तापमापकात १०४), मूल बरळतंय, झोपाळलंय किंवा झटके येताहेत, तर तो उष्माघात समजायचा आणि तो मिनिटांचा खेळ असतो. सावलीत आणायचं, कपडे काढायचे, सगळं अंग साध्या पाण्याने भिजवून जोरात वारा घालायचा, मानेवर, काखेत, जांघेत ओली फडकी ठेवायची आणि १०८ ला फोन लावायचा. गाडी येईपर्यंत भिजवणं थांबवायचं नाही. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, कारण हा ताप आजाराचा नसतो. ऊन बाधू नये म्हणून खिशात कांदा ठेवायला हरकत नाही; तो निदान जेवताना कामी येतो.

बंद मोटारीचा धोका आता आपल्याकडेही आला आहे. उन्हात उभ्या गाडीत दहा मिनिटांत तापमान दहा-अकरा अंशांनी चढतं आणि काच बोटभर खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. अमेरिकेत आई-वडील मागच्या सीटवर झोपलेलं मूल विसरतात, असं बऱ्याच घटनांत आढळतं. आपल्याकडे गोष्ट वेगळी आहे. जून २०२३ मध्ये नागपुरात खेळता खेळता बेपत्ता झालेली तीन मुलं दुसऱ्या दिवशी जवळच उभ्या असलेल्या मोटारीत मृतावस्थेत सापडली. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईत अँटॉप हिलला बेवारस गाडीत शिरलेली दोन भावंडं अशीच गेली. म्हणजे धोका गल्लीत उभ्या, कुलूप न लावलेल्या गाडीचा आहे. मूल दिसेनासं झालं तर विहीर, टाकी बघतो तशी आधी आसपासच्या गाड्यांत डोकावून बघायची. आणि भंगार गाडी वर्षानुवर्षं वस्तीत सडत असेल तर ती उचलून न्यायला महापालिकेच्या मागे लागायचं.

शाळा आणि अंगणवाडी उरली. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुलं येतात, म्हणजे नेमकं जपायचं वय. इमारत नसेल तिथे ती समाजमंदिरात नाहीतर भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत भरते. मीटरचं बिल कोण भरणार यावर पंखा अडतो. दर उन्हाळ्यात शहरातल्या सिद्धार्थ उद्यानाच्या प्राणिसंग्रहालयातल्या वाघांसाठी कूलर आणि हिरव्या जाळ्या लावल्याच्या बातम्या फोटोसह छापून येतात. वाघांना गारवा मिळावाच. पण अंगणवाडीच्या कूलरचा फोटो कुणाच्या पाहण्यात नाही. सेविकेच्या हातात ओआरएसची पाकिटं असतात, माठ असतो आणि सकाळी लवकर भरवून लवकर सोडण्याची मुभा असते, एवढीच तिची सामग्री. केरळने २०१९ मध्ये शाळांत ‘पाण्याची घंटा’ सुरू केली: दिवसात ठरलेल्या वेळी घंटा वाजते आणि सगळी मुलं पाणी पितात. मुलं, विशेषतः मुली, शाळेतलं स्वच्छतागृह टाळण्यासाठी पाणीच पीत नाहीत, हे तिथल्या शिक्षकांच्या लक्षात आलं होतं. मराठवाड्यात ही घंटा वाजवायची तर आधी स्वच्छतागृहाला पाणी हवं.

एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उन्हाने चौदा बळी गेले आणि त्यानंतर काही दिवसांतच शाळांची सुट्टी २१ एप्रिलपासून जाहीर झाली. दोन वर्षांनी, २०२५ मध्ये, उलट घडलं: परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबल्या आणि उन्हावर तोड म्हणून प्राथमिक शाळा सकाळी ७ ते ११.१५, माध्यमिक ७ ते ११.४५ अशी वेळ ठरली. सव्वाअकराला सुटलेलं दुसरीतलं मूल दोन किलोमीटर चालत किंवा दहा जणांनी भरलेल्या रिक्षात दाटीवाटीने घरी पोचेपर्यंत बारा वाजतात. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात. मराठवाडा मात्र पुण्या-मुंबईच्या वेळापत्रकाने चालतो, आणि पाऊस लांबलेल्या वर्षी जूनच्या मध्यावर संभाजीनगर, जालना, परभणीची पहिलीतली पोरं नवा गणवेश घालून पत्र्याच्या वर्गात बसतात. तो गणवेश बहुतेक शाळांत अजूनही पॉलिस्टर मिसळलेल्या कापडाचाच असतो.